हवा काढली, पाणी राहिलं

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात बेळगावजवळच्या खानापूरला वहिनींकडे गेलो, तेव्हा माजघरात बेगमीची धांदल चालली होती. सुपात संकेश्वरी मिरच्या, परातीत तूरडाळ, भिंतीला टेकलेलं तांदळाचं पोतं आणि या पसाऱ्याच्या मधोमध नवं व्हॅक्यूम पॅकिंगचं यंत्र. पिशवीचं तोंड यंत्रात सरकवायचं आणि झाकण दाबायचं. पंप घरघरतो, प्लास्टिक डाळीला चिकटत जातं आणि शेवटी तापलेली पट्टी तोंड बंद करते. हातात येते डाळीची टणक वीट. ती यंत्रानं दाबलेली नसते. आतली हवा गेल्यावर बाहेरची हवा तिला आवळून धरते, दर चौरस सेंटिमीटरला जवळपास एक किलो वजनाच्या जोरानं.

"हवाच नाही म्हटल्यावर खराब काय होणार, भावोजी?" असं म्हणत वहिनींनी कपाटातून आणखी एक पिशवी काढली आणि त्या गप्प झाल्या. पुण्याच्या लेकीसाठी चार दिवसांपूर्वी भरलेले ओले काजूगर होते ते. भरताना चपटी झालेली पिशवी आता उशीसारखी टम्म फुगली होती.

"मी तर हवा काढली होती. मग ही आली कुठनं?"

या प्रश्नाचं उत्तर नीट समजून घ्यायला हवं, कारण हे यंत्र आता बऱ्याच घरांत आलं आहे.

हवेतला सुमारे २१ टक्के प्राणवायू साठवणीच्या धान्याला दोन वाटांनी छळतो. शेंगदाणे, तीळ, सुकं खोबरं यांतल्या तेलाशी त्याचा संयोग होतो आणि पदार्थ खवट होतो. दुसरी वाट किड्यांची. तांदळातल्या सोंडकिड्याची मादी सोंडेनं दाण्याला भोक पाडते, आत अंडं घालते आणि ते भोक चिकट स्रावानं बुजवून टाकते. वरून दाणा धडधाकट दिसतो. उबदार हवेत महिनाभरात त्यातून नवा किडा बाहेर पडतो. निवडून-पाखडून भरलेल्या डब्यातही पावसाळ्यात सोंडे दिसतात ते यामुळे. पिशवीतली हवा काढली की या दोन्ही वाटा अडतात. घरगुती यंत्राला सगळी हवा काही काढता येत नाही, पण उरलेला प्राणवायू किडेच श्वासावाटे संपवत नेतात. तो दोन-तीन टक्क्यांवर आला की बहुतेक किडे काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत मरतात.

ही युक्ती आपल्याकडे जुनीच आहे. मराठीत पेव म्हणतात, कन्नडमध्ये हगेवु. जमिनीत खोल खड्डा घेऊन, आतून कडबा-भुसा लावून ज्वारी भरायची आणि तोंड मातीनं लिंपून टाकायचं. आत धान्य आणि किडे श्वास घेत राहतात, प्राणवायू घटतो, कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि किड्यांचा बंदोबस्त आपोआप होतो. पेव उघडल्यावर लगेच कोणी आत उतरत नसे. तोंड मोकळं ठेवून वाट बघायची, मग दोरीनं पेटता कंदील सोडायचा. तो विझला तर उतरायचं नाही. ही खबरदारी न घेणाऱ्यांचे जीव गेले आहेत.

पण पेवात कधी कोणी ओले काजूगर भरले नाहीत. पेवात जायची ती उन्हात खडखडीत वाळलेली ज्वारी.

हवा गेली की पदार्थ टिकला, असा समज एके काळी मोठमोठ्या शास्त्रज्ञांचाही होता. निकोला अपेर या फ्रेंच मिठाईवाल्यानं अन्न काचेच्या बाटल्यांत घट्ट बंद करून, त्या बाटल्या पाण्यात उकळून टिकवायची रीत शोधली आणि १८१० मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. गे-ल्युसाक या रसायनशास्त्रज्ञानं त्या बाटल्या तपासल्या, आत प्राणवायू सापडला नाही, आणि त्यानं ठरवलं की प्राणवायू नसल्यामुळेच अन्न टिकलं. खरं काम उष्णतेनं केलं होतं. तिनं जंतू मारले होते. पुढे १८६१ मध्ये लुई पाश्चरनं असे जंतू दाखवले, जे प्राणवायूशिवाय जगतात आणि हवा लागली तर उलट मरतात.

या जातीतला सर्वांत घातक जंतू बॉट्युलिझम या अन्नविषबाधेचा. १८९५ च्या डिसेंबरमध्ये बेल्जियममधल्या एल्झेल गावी एका अंत्यविधीत वाजवायला आलेल्या वादकांनी खारवलेलं डुकराचं मांस खाल्लं. अनेक जण आजारी पडले, तिघे दगावले. एमिल व्हान एरमेंगेम यांनी त्या मांसातून हा जंतू वेगळा काढला. त्याचं विष मज्जातंतूंचे आदेश स्नायूंपर्यंत पोचू देत नाही. आधी डोळ्यांना दोन-दोन दिसतं, जीभ जड होते, शेवटी श्वास अडतो. त्याचे बीजाणू, म्हणजे जंतूची कवचबंद झोपलेली रूपं, मातीत सगळीकडे असतात आणि नुसत्या उकळण्यानं मरत नाहीत. त्यासाठी दाबाखाली १२१ अंश सेल्सिअस उष्णता लागते. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच, त्यामुळे उघड्या पातेल्यात आपल्याकडे पाणी ९७-९८ अंशांनाच उकळतं.

या बीजाणूंना रुजायला तीन गोष्टी लागतात: हवेचा अभाव, आंबटपणाचा अभाव आणि भरपूर ओल. ओल्या काजूगरांची पिशवी उबदार कपाटात ठेवली की तिन्ही आयत्या मिळतात. वहिनींची पिशवी कोणत्या जंतूनं फुगवली हे घरी बसून सांगता येत नाही. फुगली हे एक बरंच झालं, कारण बॉट्युलिझमच्या विषाला रंग, वास, चव काहीच नसते आणि पिशवी फुगेलच असंही नाही. म्हणून मी वहिनींना ती उघडू दिली नाही, चाखणं तर दूरच. परसात खड्डा करून पुरली.

पावसाळ्यात जांबोटीकडच्या रानातून येणारी अळंबी, सोललेला लसूण, शिजवलेली उसळ, खवा यांचंही तसंच. असा ओला जिन्नस हवाबंद करायचा असेल तर त्याची जागा फ्रीझरमध्ये, उणे १८ अंशांत. गोठवलेली मासळी हवाबंद पिशवीत असेल तर बर्फ वितळायच्या आधीच पिशवी उघडा, कारण काही प्रकारचे हे जंतू फ्रीजच्या थंडीतही हळूहळू वाढतात.

माझ्या मते यंत्रापेक्षा ऊन महत्त्वाचं. जंतूला लागतं ते मोकळं पाणी. गुळात पाणी असतं, पण साखरेनं ते धरून ठेवलेलं असतं, म्हणून गूळ टिकतो. नीट वाळवलेल्या तांदळात, डाळीत, मिरचीत जंतूला प्यायला थेंब मिळत नाही. अशा पिशवीत हवा नसली तर राहिलेले शत्रू म्हणजे किडे आणि खवटपणा, त्यांचाही बंदोबस्त होतो. पिशवी मात्र नायलॉनचा थर असलेलीच घ्या. साध्या पॉलिथिनमधून प्राणवायू हळूहळू आत झिरपतो. मिरच्यांचे देठ काढा किंवा त्या कागदात गुंडाळा, नाहीतर टोकदार देठ पिशवीला भोक पाडतो आणि ते कळतही नाही.

तांदूळ वाळलाय की नाही हे घरीच बघता येतं. कोरडी काचेची बाटली घ्या, तिसरा हिस्सा तांदूळ भरा, वर चमचाभर भाजून कोरडं केलेलं मीठ घाला. दोन-तीन मिनिटं हलवा आणि पंधरा मिनिटं ठेवून द्या. मीठ काचेला चिकटलं तर धान्यात १५ टक्क्यांहून जास्त ओल आहे, भरू नका.

वहिनींनी लगेच बाटली आणली. आदल्या आठवड्यात वळीव झाला होता आणि पोतं टेकलेल्या भिंतीला ओल आली होती. पंधरा मिनिटांनी बाटली उजेडात धरली, तर काचेवर मिठाचा पांढरा पापुद्रा. मिरगाला अजून आठवडा होता. आम्ही दोघांनी पोतं गच्चीवर नेलं आणि तांदूळ चादरीवर पसरला.