व्हँपायरच्या शीटवरचा अपराधभाव: ह्युमॅनिटीच्या नियमांची पार्श्वभूमी

व्हँपायर हा टेबलाभोवती बसून, भूमिका घेऊन आणि फासे टाकून कथा रंगवण्याचा खेळ. तो खेळणाऱ्या गटात एक वाद कधी ना कधी होतोच. कॅरेक्टरनं, म्हणजे खेळाडू साकारत असलेल्या व्हँपायरनं, माणूस मारला. त्याचं त्याला काही वाटलं की नाही, हे ठरवायचं कोणी? खेळाडूनं, खेळ चालवणाऱ्या स्टोरीटेलरनं की फाशांनी? नियमपुस्तकांनी गेल्या तीसेक वर्षांत याची वेगवेगळी उत्तरं दिली आहेत. आजचा नियम असा का आहे, हे ती उत्तरं क्रमानं पाहिल्याशिवाय उमगत नाही.

टेबलटॉप खेळांत नैतिकता सुरुवातीपासून होती, पण बाजू निवडण्यापुरती. १९७४च्या डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये कॅरेक्टर लॉ (सुव्यवस्था), न्यूट्रॅलिटी (तटस्थता) किंवा केऑस (अराजक) यांपैकी एका बाजूचं असे. १९८१मध्ये कॉल ऑफ कथुलू या भयकथांच्या खेळानं सॅनिटी, म्हणजे मानसिक संतुलन, आणली आणि माणसाचं आतून ढासळणं आकड्यात मांडता येतं हे दाखवलं. मात्र तिथं ढासळायचं ते मुख्यतः भीषण काही पाहिल्यामुळे. १९८५च्या पेंड्रॅगन या आर्थर राजाच्या सरदारांच्या खेळात दया आणि क्रौर्य यांसारख्या स्वभावाच्या जोड्या शीटवर, म्हणजे कॅरेक्टरचे आकडे मांडलेल्या कागदावर, आल्या. सरदार कसा वागेल, यावर फाशांचाही हक्क आला.

मार्क राइन-हेगन यांच्या व्हँपायर: द मॅस्करेडनं १९९१मध्ये रोख स्वतःच्या कृत्यांकडे वळवला. रक्त प्यायल्याशिवाय जगता येत नाही, आणि पिताना आतला पशू कधी सुटेल याचा नेम नाही. त्या पशूला आवरून धरणारी गोष्ट म्हणजे ह्युमॅनिटी, अर्थात माणूसपण, दहापर्यंतचा एक आकडा. तो शून्यावर आला की कॅरेक्टर स्टोरीटेलरच्या ताब्यात जातं.

नव्वदच्या दशकात रुळलेला नियम जवळून पाहण्यासारखा आहे. पापांची एक उतरंड दिलेली असते. दहाव्या पायरीवर स्वार्थी विचार, सातवर चोरी, तीनवर ठरवून केलेला खून. कृत्य आपल्या ह्युमॅनिटीच्या पायरीवर किंवा त्याखाली बसत असेल तर कॉन्शन्सचे, म्हणजे सदसद्विवेकाच्या आकड्याइतके, फासे टाकायचे. ह्युमॅनिटी सात असलेल्यानं चोरी केली तर फासे. पाच असलेल्यानं तीच चोरी केली तर काहीच नाही, कारण तो ते केव्हाच मागे टाकून आलेला असतो. फासे नापास झाले की ह्युमॅनिटीचा एक ठिपका जातो. बॉच, म्हणजे फाशांत सपशेल अपयश, झाला तर कॉन्शन्सचाही ठिपका जातो आणि वर एखादी मनोविकृती चिकटते.

यात एक फार खोल गोष्ट दडलेली होती. यश म्हणजे मन अजून टोचतंय, म्हणून माणूसपण शाबूत. अपयश म्हणजे टोचणीच बोथट झाली. टेबलावर मात्र नेमका उलटा अर्थ लागायचा. फासे चांगले पडले की ‘वाचलो’ म्हणून खेळाडू पुढच्या प्रसंगाकडे वळायचा आणि ज्या पश्चात्तापानं त्याला वाचवलं, तो कोणी खेळायचंच नाही. हा नियम समजून वापरणारे गट सुंदर खेळ करायचे, पण नियम स्वतः त्यासाठी काही करत नव्हता. शिवाय उतरंड सगळ्यांना एकच. सॅबॅट या क्रूर व्हँपायर-पंथासाठी १९९२पासून आलेल्या वेगळ्या ‘पाथ’नी, म्हणजे पर्यायी नीतिमार्गांनी, ती बदलली, पण अनेक टेबलांवर त्यांचा वापर हवं ते करायची सूट म्हणून झाला.

मॅस्करेडच्या जागी आलेल्या २००४च्या व्हँपायर: द रेक्विएमनं उतरंड ठेवलीच, पाप जितकं मोठं, तितके फासे कमी. खरी दिशा बाहेरून आली होती. रॉन एडवर्ड्स यांच्या सॉर्सरर या वेगळ्या खेळात, २००१च्या आवृत्तीत, ह्युमॅनिटी म्हणजे काय हे गटानं खेळाआधी ठरवायचं असतं. रेक्विएमच्या २०१३मधल्या नव्या रूपात टचस्टोन आले: ज्यांच्यामुळे व्हँपायर माणसांशी जोडलेला राहतो, अशी माणसं. माझ्या मते या साऱ्या प्रवासातला हा सर्वांत मोठा बदल. आता अपराध यादीतल्या ओळीपुरता राहिला नाही, त्याला चेहरा मिळाला.

मॅस्करेडच्या २०१८च्या पाचव्या आवृत्तीनं हे धागे एकत्र आणले. क्रॉनिकलची, म्हणजे सलग चालणाऱ्या कथेची, तत्त्वं गट ठरवतो. प्रत्येक खेळाडू स्वतःच्या कॅरेक्टरच्या निष्ठा लिहितो आणि त्यांना टचस्टोन जोडतो. तत्त्व मोडलं की स्टेन, म्हणजे डाग, लागतात. निष्ठेपायी मोडलं असेल तर कमी. शीटवरच्या दहा चौकटींत ह्युमॅनिटी डावीकडून भरते, स्टेन उजवीकडून, आणि मधल्या रिकाम्या चौकटी म्हणजे सेशनच्या शेवटी पश्चात्तापासाठी मिळणारे फासे. ह्युमॅनिटी सात आणि स्टेन दोन असतील तर एकच फासा, त्यावर सहा किंवा जास्त हवं. म्हणजे निम्मी शक्यता. कृत्य आणि निकाल यांच्यात अशी फट ठेवल्यामुळे कॅरेक्टरला मृताच्या घरी जायला, खोटं बोलायला, टचस्टोनला टाळायला वेळ मिळतो, आणि अपराधभाव प्रत्यक्ष खेळला जातो.

याच आवृत्तीत भुकेचा आकडा माणूस मारल्याशिवाय शून्यावर येत नाही. एक भूक कायम उरते आणि बहुतेक चाचण्यांत किमान एक फासा तिचा असतो. त्यामुळे तत्त्वं ठरवताना ‘निरपराधाला मारायचं नाही’ असं लिहिणाऱ्या गटाला पुढे काय सोसावं लागेल, हे पहिल्या सेशनआधीच बोलून घ्यावं लागतं. खेळाडूला खरोखर त्रास देणारे विषय कोणते, तेही त्याच बैठकीत ठरवावं. या आवृत्तीनं तसा सल्ला पुस्तकातच दिला आहे.