संकेतस्थळाची रचना व व्यवसायाची विश्वासार्हता

एखाद्या व्यवसायाचे संकेतस्थळ, म्हणजे बोलीतील वेबसाइट, पाहिल्यावर त्या व्यवसायाशी व्यवहार करावा की नाही याविषयी ग्राहकाचे जे मत बनते, त्यावर स्थळाची मांडणी, मजकूर आणि वापरातील सुलभता यांचा होणारा परिणाम. प्रस्तुत नोंदीत या विषयाचा विचार मुख्यतः नागपुरातील व्यवसायांच्या संदर्भात केला आहे.

इतवारीचा सराफा, गांधीबागेतील कापडबाजार किंवा सीताबर्डीवरील दुकाने यांची पत आजवर ओळखीवर चालत आली. गल्ल्यावर कोण बसते, दुकान किती वर्षे त्याच जागी आहे आणि शेजारचा दुकानदार त्याच्याविषयी काय बोलतो, एवढ्यावर ग्राहकाचे समाधान होत असे. पुण्यात किंवा परदेशात बसून नागपूरची संत्रा बर्फी मागवणाऱ्या अथवा वर्धा मार्गावरचा प्लॉट पाहणाऱ्या माणसाला यातले काहीच उपलब्ध नसते. त्याच्यासमोर फक्त पडदा असतो आणि पडद्यावर जे दिसते त्यावरूनच त्याला अंदाज बांधावा लागतो.

हा अंदाज फार लवकर बांधला जातो. कॅनडातील कार्लटन विद्यापीठातील गिटे लिंडगार्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, पान आकर्षक आहे की नाही याविषयीचे मत सुमारे ५० मिलिसेकंदांत बनते आणि नंतर अधिक वेळ पाहूनही ते बहुधा टिकते, असे आढळले. त्याआधी २००२ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील बी. जे. फॉग यांच्या गटाने २,६८४ लोकांकडून संकेतस्थळांची विश्वासार्हता तपासून घेतली. लोकांनी दिलेल्या अभिप्रायांपैकी ४६.१ टक्के अभिप्रायांत स्थळाच्या दृश्य रूपाचा उल्लेख होता. हा आकडा रचनाकार मंडळी आपल्या सोयीने वारंवार सांगतात. मात्र त्याच सुमारास आरोग्य व वित्त क्षेत्रांतील जाणकारांना घेऊन केलेल्या जोडअभ्यासात जाणकारांनी दिसण्याला बरेच कमी महत्त्व दिले आणि माहिती कोण देतो व ती कुठून आली याकडे अधिक लक्ष दिले, हे सहसा सांगितले जात नाही. दोन्ही निष्कर्ष एकत्र वाचले तर असे दिसते की, देखणेपणामुळे ग्राहक पानावर थांबतो. पण पैसे देण्याची वेळ आली की तो पडताळता येईल असे काहीतरी शोधू लागतो, आणि ते त्याला चटकन सापडेल अशी व्यवस्था करणे हे रचनेचे खरे काम ठरते.

नागपुरातील जमिनीच्या व्यवहारांत हे विशेष स्पष्ट होते. शहराभोवतीच्या ले-आऊटच्या जाहिरातींत ‘एन.ए., टी.पी., आर.एल. झालेला’ (म्हणजे बिगरशेती परवानगी, नगररचना मंजुरी व रिलीज लेटर मिळालेला) ही शब्दावली इतकी सरसकट वापरली जाते की, नुसत्या तेवढ्या शब्दांवर कोणी फारसा विसंबत नाही. नागपूर सुधार प्रन्यास किंवा नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण यांच्या मंजुरी आदेशाचा क्रमांक व तारीख, मंजूर नकाशाची वाचता येईल अशी प्रत, खसरा (जमिनीचा भूमापन) क्रमांक आणि महारेराचा, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक ज्या पानावर प्लॉटच्या दराशेजारीच दिलेला असतो, त्याचे वजन वेगळेच पडते. नोंदणीकृत प्रकल्पांच्या जाहिरातींत क्यूआर कोड देणे महारेराने १ ऑगस्ट २०२३ पासून बंधनकारक केले असून त्यावरून प्रकल्पाची नोंद थेट पाहता येते. सराफांबाबत हेच काम दागिन्यावरील सहा अक्षरांकांचा एचयूआयडी (हॉलमार्कचा ओळख क्रमांक) करतो, तर खाद्यपदार्थांबाबत चौदा अंकी अन्न परवाना क्रमांक.

छायाचित्रांची गोष्टही अशीच आहे. विकत घेतलेल्या परक्या चित्रांतील हसऱ्या माणसांपेक्षा शहीद चौकाजवळच्या खऱ्या दुकानाचा, पाटीसकट काढलेला साधा फोटो अधिक उपयोगी पडतो. नागपूरच्या संत्र्यांत अंबिया बहाराची फळे हिवाळ्याच्या सुरुवातीला आणि मृग बहाराची साधारणतः फेब्रुवारी-मार्चमध्ये बाजारात येतात. त्यामुळे ऐन जूनमध्ये ‘बागेतून आज तोडलेली’ असे मिरवणारे पान विदर्भातील ग्राहकाला तत्काळ खोटे वाटते आणि मग त्याच पानावरच्या खऱ्या गोष्टींवरही त्याचा भरवसा राहत नाही.

मराठी मजकुराकडे होणारे दुर्लक्ष हा आणखी एक ठळक दोष. लॅटिन अक्षरांच्या मापाने ओळींतील अंतर ठेवले की वरच्या वेलांट्या व रफार आणि खालचे उकार कापले जातात. अयोग्य फाँटमुळे जोडाक्षरे फुटून पाय मोडलेली अक्षरे दिसतात. आणि यांत्रिक भाषांतरातील वाक्ये ग्राहकाशी कोणी बोलतच नाही असे भासवतात. ज्याला आपल्या दुकानाचे नाव नीट लिहिता आले नाही तो हिशेब काय नीट ठेवणार, अशी शंका येणे स्वाभाविक आहे.

सुरक्षिततेच्या खुणांविषयी मोठा गैरसमज आहे. पत्त्याच्या आरंभी ‘एचटीटीपीएस’ असल्यास मधल्या वाटेत माहिती वाचली जाणार नाही, एवढीच हमी मिळते; पलीकडचा विक्रेता प्रामाणिक आहे असे त्यातून सिद्ध होत नाही, कारण असे प्रमाणपत्र भामट्यालाही विनामूल्य मिळते. क्रोम ब्राउझरने २०१८ पासून ही सोय नसलेल्या स्थळांना ‘असुरक्षित’ ठरवले आणि २०२३ मध्ये कुलपाचे चिन्हही काढून टाकले. पाने झटपट उघडणे, मोबाइलवर अक्षरे नीट वाचता येणे, या गोष्टी आता गृहीतच धरल्या जातात.

ऑनलाइन विक्री करणाऱ्यांना काही गोष्टी ऐच्छिक राहिलेल्या नाहीत. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे व्यवसायाचे कायदेशीर नाव, मुख्य कार्यालयाचा पत्ता, संपर्काचा तपशील व तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव ठळकपणे द्यावे लागते. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात करणे अपेक्षित आहे. केवळ निरोपाचा रकाना ठेवून नागपूरच्या ०७१२ ने सुरू होणारा दूरध्वनी क्रमांकही न देणारी स्थळे म्हणूनच खटकतात.

रचनेचा उपयोग फसवणुकीसाठीही होतो. ‘दोनच नग शिल्लक’ अशी खोटी घाई, टोपलीत गुपचूप टाकलेली जादा वस्तू, शेवटच्या पायरीवर उगवणारे शुल्क अशा तेरा प्रकारांची यादी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत देऊन त्यांना मनाई केली आहे. यांपैकी शेवटचा प्रकार लहान विक्रेत्यांकडून अनेकदा अजाणतेपणी घडतो: बर्फीच्या डब्याचा दर पहिल्या पानावर असतो, पण पार्सलचा खर्च पैसे भरतानाच कळतो. पिनकोड टाकताच एकूण रक्कम दाखवली, तर हा दोष सहज टळतो.