हिम-तुहिन छायाचित्रण

कडाक्याच्या थंडीत आढळणाऱ्या हिमाची, बर्फाची आणि तुहिनाची रूपे टिपणारी निसर्ग छायाचित्रणाची शाखा. हवेतील बाष्प द्रवरूप न होता गवताच्या पात्यांवर, फांद्यांवर किंवा खिडकीच्या काचेवर थेट घनरूपात साचले, की त्याला तुहिन म्हणतात. गोठलेल्या दवालाही बोलण्यात बहुधा तेच नाव दिले जाते, परंतु मॅक्रो भिंगातून (अगदी जवळून मोठे दाखवणाऱ्या भिंगातून) पाहिल्यास दोहोंतील फरक लपत नाही : गोठलेला दवबिंदू काचेच्या मण्यासारखा गोल व गुळगुळीत असतो, तर तुहिनाने वेढलेल्या पानाच्या कडेवर बारीक सुयांची आणि पिसांची दाटी असते.

या छायाचित्रणातील खरी कसोटी पांढरा रंग पांढरा ठेवण्याची आहे. ताजे हिम त्याच्यावर पडणाऱ्या प्रकाशापैकी सुमारे ८० ते ९० टक्के प्रकाश परावर्तित करते. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक मात्र समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करडे आहे असे धरून चालतो, आणि त्यामुळे शुभ्र हिम चित्रात मळकट उतरते. म्हणून एक्स्पोजर (चित्रासाठी कॅमेऱ्यात घेतला जाणारा एकूण प्रकाश) साधारणपणे एक ते दोन स्टॉप वाढवतात; एक स्टॉप वाढवणे म्हणजे प्रकाश दुप्पट करणे. त्याहून वाढवल्यास हिमाचा पोत पार नाहीसा होतो आणि तो नंतर परत आणता येत नाही. निरभ्र आकाशाखाली हिमावरच्या सावल्या निळसर दिसतात, कारण तेथे केवळ आकाशाचाच प्रकाश पोहोचतो. हा निळेपणा दोष समजून संपूर्ण पुसून टाकणे चुकीचे होय. त्यातच थंडी दिसते. जाड बर्फाचा निळा रंग वेगळ्या कारणाने येतो : बर्फ तांबडा प्रकाश अधिक शोषतो.

सूर्य क्षितिजालगत असताना बाजूने येणारा प्रकाश स्फटिकांची कड उठावदार करतो. तुहिनासाठी ही वेळ फार थोडी असते, कारण ऊन चढताच ते वितळते.

एकेका हिमस्फटिकाच्या छायाचित्रणाचा पाया अमेरिकेतील व्हरमाँट राज्याच्या जेरिको गावातील शेतकरी विल्सन बेंटली (१८६५–१९३१) यांनी घातला. सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून १५ जानेवारी १८८५ रोजी त्यांनी पहिले यशस्वी छायाचित्र घेतले आणि हयातभरात पाच हजारांहून अधिक स्फटिक टिपले. पडणारे हिम ते काळ्या पृष्ठभागावर झेलत, निवडलेला स्फटिक बारीक काडीने उचलून काचपट्टीवर ठेवत आणि पिसाने अलगद दाबून सपाट करत. हे सारे न तापवलेल्या जागेत आणि श्वास रोखून, कारण एका उच्छ्वासाने स्फटिक विरघळून जाई. पुढे जपानी भौतिकशास्त्रज्ञ उकिचिरो नाकाया यांनी १९३६ मध्ये प्रयोगशाळेत सशाच्या केसावर हिमस्फटिक वाढवून दाखवला. तापमान आणि बाष्पाचे प्रमाण यांवर स्फटिकाचा आकार ठरतो, हे त्यांनी सिद्ध केले. उणे १५° सेल्सिअसच्या आसपास बाष्प भरपूर असल्यास फांद्याफांद्यांची षट्‌कोनी चांदणी वाढते, तर उणे ५° च्या सुमारास सुया तयार होतात.

थंडीत बॅटरी लवकर उतरते. म्हणून जादा बॅटरी अंगालगतच्या खिशात बाळगतात. उबदार खोलीत शिरण्यापूर्वी कॅमेरा बाहेरच हवाबंद पिशवीत घालावा लागतो. तसे केल्याने खोलीतील बाष्प भिंगावर न साचता पिशवीच्या बाहेरील अंगावर साचते.