जर्मन शिकताय? मग ते 'मी व्हिज्युअल लर्नर' जरा बाजूला ठेवा

रत्नागिरी, चिपळूण, कुडाळ कुठेही बघा, नर्सिंग नाहीतर आयटीआय केलेली कोणीतरी मुलं जर्मनच्या मागे लागलेली भेटतातच, 2024 मध्ये राज्य सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी तिकडे कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला तेव्हापासून तर जास्तच. आणि त्यातल्या निम्म्यांचं ठरलेलं, मला व्हिडिओ बघूनच कळतं, किंवा मी ऐकूनच शिकतो, वही-पेन आपलं काम नाही.

ही बघणारे, ऐकणारे, वाचणारे-लिहिणारे, करून शिकणारे अशी वाटणी न्यूझीलंडच्या नील फ्लेमिंगची. पटकन पटते. पण 2008 मध्ये हॅरल्ड पॅशलर आणि इतर तीन मानसशास्त्रज्ञांनी झालेलं संशोधन तपासलं, तर ज्याच्या त्याच्या स्टाईलने शिकवलं की जास्त येतं याला धड पुरावा मिळाला नाही. आवड असते हो, ती खोटी नाही, आणि कोण फ्लॅशकार्ड बनवणार, कोण एसटीत कानात ऑडिओ घालून बसणार हे तीच ठरवते. पण लक्षात काय राहणार ते ती ठरवत नाही. शिवाय उच्चार कानानेच येणार आणि स्पेलिंग लिहूनच, तुम्ही कुठल्याही गटात बसा.

मग लक्षात राहतं कशाने? 2008 मध्येच कार्पिकी आणि रोडिगर या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत विद्यार्थ्यांना स्वाहिली (आफ्रिकेतली एक भाषा) आणि इंग्रजी शब्दांच्या 40 जोड्या पाठ करायला दिल्या. शब्द एकदा आठवला तरी ज्यांची त्यावर परत परत परीक्षा घेतली, त्यांना आठवड्यानंतर 80 टक्क्यांच्या आसपास आठवले. ज्यांना तो शब्द नुसता वाचायला ठेवला, परीक्षेतून काढला, त्यांना 35च्या आसपास. गंमत म्हणजे सगळ्यांना वाटत होतं की आपल्याला साधारण निम्मे आठवतील, म्हणजे आपल्याला काय येतंय याचा अंदाज आपल्यालाच नसतो (मला तर हाच भाग सगळ्यात भारी वाटतो).

म्हणून व्हिडिओ आवडतो ना, बघा, पण मध्येच पॉज करून पुढचा शब्द स्वतः बोला. चिठ्ठी फ्रिजवर लावलीत तर पुढे मराठी अर्थ आणि जर्मन शब्द मागच्या बाजूला लिहा, म्हणजे आधी आठवावा लागेल.

आणि गणपतीत पाठांतर बुडलं म्हणून धीर सोडू नका. बाह्रिक आडनावाच्या एकाच घरातल्या चौघांनी स्वतःवरच प्रयोग केला, 1993 मध्ये छापून आला, परक्या भाषेच्या 300 शब्दजोड्या: 14 दिवसांच्या अंतराने 26 वेळा उजळणी केली काय आणि 56 दिवसांच्या अंतराने फक्त 13 वेळा केली काय, पुढे काही वर्षांनी आठवण जवळपास सारखीच निघाली.