टकरा वाढतात म्हणून अभिक्रिया वेगाने होते?

‘तापवलं की रेणू जोरात पळतात, जास्त वेळा आदळतात, म्हणून रासायनिक अभिक्रियेचा वेग वाढतो.’ शाळेपासून घोकलेलं हे उत्तर अर्धवट आहे, आणि नेमका महत्त्वाचा अर्धा भाग त्यातून निसटतो.

आकडेच बघा. तापमान 300 केल्विनवरून (म्हणजे सुमारे 27 अंश सेल्सिअसवरून) 310 वर नेलं, तर वायूतल्या रेणूंचा सरासरी वेग वाढतो जेमतेम 1.7 टक्के. टकराही फारशा वाढत नाहीत. अभिक्रियेचा वेग मात्र अनेकदा जवळपास दुप्पट होतो. हा हिशेब टकरांवर कसा भागवणार?

मुळात टकरांचा तुटवडा नसतोच. हायड्रोजन आणि ऑक्सिजन खोलीच्या तापमानाला एकत्र कोंडून ठेवा. प्रत्येक रेणू सेकंदाला अब्जावधी वेळा आदळतो आणि तरी काही घडत नाही. ठिणगी पडली की मात्र स्फोट! जुने बंध सैल करायला लागणारी किमान ऊर्जा, म्हणजे सक्रियण ऊर्जा, बहुतेक टकरांत नसतेच.

समजा ती मोलला (रेणू मोजायच्या एका ठरावीक, प्रचंड संख्येला) 50 किलोज्यूल आहे. 300 केल्विनला एक अब्ज टकरांपैकी साधारण दोनच तेवढ्या जोराच्या असतात. 310 ला होतात जवळपास चार. वेग दुप्पट होतो तो इथे. हे घातांकी गणित स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ स्वान्ते अऱ्हेनियस यांनी 1889 मध्ये मांडलं.

आणि हो, ‘दर 10 अंशांना दुप्पट’ हाही काही अटळ नियम नाही. सक्रियण ऊर्जा 100 किलोज्यूल असेल, तर त्याच 10 अंशांत वेग साडेतीन पटींच्याही वर जातो.