जळण बदललं, धुरांडं तेच राहिलं

फायरप्लेस दुरुस्तीला बोलावलेला जाणता गवंडी विटांना हात लावण्याआधी विचारतो : घर कधीचं, आणि इथे आजवर काय काय जाळलंत? प्रश्न मोक्याचा आहे. फायरप्लेसची बरीचशी दुखणी तिथूनच सुरू होतात.

मध्ययुगीन युरोपात जाळ घराच्या मधोमध पेटे आणि धूर छपरातून वाट काढी. भिंतीतली फायरप्लेस आणि तिचं धुरांडं 12व्या शतकाच्या सुमारास किल्ल्यांत दिसू लागलं. साध्या घरांत ते यायला 16वं-17वं शतक उजाडलं. ही धुरांडी लाकडासाठी होती, ऐसपैस. धगीने मागची भिंत फुटू नये म्हणून तिच्यापुढे बिडाची जाड पाटी उभी करत. अशा पाट्या आता शोभेच्या म्हणून विकल्या जातात, पण त्यांचं खरं काम विटा वाचवण्याचं. धुरांड्याला आतून चुन्याचा गिलावा करत, त्यात शेणही मिसळत.

मग कोळसा आला. कोळशाला अरुंद धुरांडं चालतं, म्हणून नळ्या 14 बाय 9 इंचांपर्यंत आक्रसल्या, त्यात वळणंही आली. मोठा माणूस आत शिरेना, म्हणून लहान पोरांना वर चढवलं जाऊ लागलं. 1775 मध्ये पर्सिव्हल पॉट या लंडनच्या शल्यचिकित्सकाने या सफाईवाल्यांना होणाऱ्या कर्करोगाचा संबंध काजळीशी जोडला. 1803 मध्ये जॉर्ज स्मार्टचा यांत्रिक ब्रश आला, 1828 मध्ये जोसेफ ग्लासने वेताच्या जोडकाठ्यांचा ब्रश आणला. म्हणजे साधन हाताशी होतं. तरी घरमालक कुरकुरत राहिले, कारण वळणात ब्रश अडतो आणि वळण मोडायचं तर भिंत फोडावी लागते. 1840 च्या ब्रिटिश कायद्याने 21 वर्षांखालच्यांना वर चढवायला बंदी केली, ती सर्रास धाब्यावर बसवली गेली. 1875 मध्ये केंब्रिजजवळ जॉर्ज ब्रूस्टर हा पोरगा धुरांड्यात अडकून दगावला, तेव्हा कुठे त्याच वर्षीच्या कायद्याने सफाईवाल्यांना परवाना सक्तीचा झाला आणि ही प्रथा मोडली. खर्च टाळण्यासाठी इतकी दशकं पोरं जुंपली गेली, याला दुसरं कारण मला तरी दिसत नाही.

मधल्या काळात, 1796 मध्ये, काउंट रम्फर्ड या शास्त्रज्ञाने फायरप्लेसचा आकारच बदलला : कोनाडा कमी खोल, बाजूच्या भिंती तिरक्या, आणि धूर वर जायची घशी जेमतेम 4 इंचांची. खोलीत धूर कमी आणि ऊब जास्त. जुन्या फायरप्लेसमध्ये मूळ विटांपुढे दुसऱ्या विटांचा थर दिसला, तर तो अशाच कुठल्यातरी सुधारणेचा असू शकतो. घाईने उपटू नये.

कोळशाने आणखी एक दुखणं मागे ठेवलं. त्याच्या धुरातलं गंधक ओलाव्यात मिसळून आम्ल बनतं आणि दर्जांमधला, म्हणजे विटांच्या सांध्यांमधला, चुना खातं. वर छपरावर जाऊन दर्जेत स्क्रू-ड्रायव्हर टोचला, तर पिठासारखा भुगा पडतो. पावसाकडची बाजू जास्त ओली राहते, तिथला मसाला फुगतो आणि धुरांडं हळूहळू वाकतं. अशा वेळी चुन्याच्या जुन्या बांधकामात कडक सिमेंटने दर्जा भरणं म्हणजे विटांना फोडायची सोय करणं. आतल्या, धग खाणाऱ्या भागाला तर भट्टीत आतून लावतात तशा धग सोसणाऱ्या विटा आणि उष्णता सोसणारा मसालाच लागतो.

1952 मध्ये लंडन विषारी धुक्याने घुसमटलं, 1956 चा स्वच्छ हवा कायदा आला, आणि घरोघरचा कोळसा मागे पडत गेला. फायरप्लेस बुजवल्या गेल्या. ज्यांनी हवेला झरोका ठेवला नाही, त्यांच्या भिंतींवर तपकिरी डाग उमटले : आतली काजळी ओल शोषून घेते आणि ती गिलाव्यातून बाहेर येते.

आता त्याच कोनाड्यांत लाकडाच्या बंद शेगड्या बसवल्या जातात. छोट्या शेगडीचा धूर मोठ्या, थंड धुरांड्यात वर जाताना निवतो, आणि भिंतीला काळा, चकचकीत, डांबरासारखा थर धरतो. लाकूड ओलं असलं तर अधिकच. हा थर साध्या ब्रशने निघत नाही, आणि पेटला तर धुरांडं आतून भडकतं. म्हणूनच शेगडीसोबत तिच्या मापाची स्टेनलेस स्टीलची नळी वरपर्यंत घालतात, आणि वर्षातून एकदा, जाळ पेटवायचा हंगाम सुरू होण्याआधी, तपासणी आणि सफाई करून घेतात.