व्हॅरिसेसची दुर्बिणीविना चाळणी

यकृताच्या जुनाट आजारात अन्ननलिकेतल्या किंवा जठरातल्या शिरा फुगल्या असण्याची शक्यता किती, याचा अंदाज तोंडातून दुर्बीण न घालता घेण्याची पद्धत. या फुगलेल्या शिरांना व्हॅरिसेस म्हणतात. यकृताचा ताठरपणा आणि रक्तातील प्लेटलेटची संख्या हे या पद्धतीचे दोन मुख्य आधार. यात शिरा प्रत्यक्ष दिसत नाहीत. कोणाची एंडोस्कोपी तूर्त टाळली तरी चालेल, एवढेच कळते. अहवाल वाचताना नेमके हेच विसरले जाते.

आतडी आणि प्लीहा यांच्याकडचे रक्त पोर्टल शिरेतून यकृतात येते. फायब्रोसिसमुळे, म्हणजे व्रणासारखे तंतू साचल्याने, यकृत कडक झाले की ही वाट अडते, मागे दाब चढतो आणि रक्त अन्ननलिकेच्या शिरांतून आडवाट काढते. यकृताच्या शिरेत कॅथेटर घालून मोजलेला दाबफरक (एचव्हीपीजी) निरोगी माणसात १ ते ५ मिमी पारा असतो. तो १० वर गेला की व्हॅरिसेस तयार होण्याचा आणि पोटात पाणी होण्याचा धोका सुरू होतो. १२ च्या पुढे शीर फुटू शकते. फुटलीच, तर साधारण १५ ते २० टक्के रुग्ण सहा आठवड्यांत दगावतात. त्यामुळे सिरोसिस (फायब्रोसिसची पुढची, गाठाळलेल्या यकृताची अवस्था) म्हटले की एंडोस्कोपी, असा दंडक होता. मात्र यकृताचे काम अजून नीट चाललेल्या बहुतेक रुग्णांत उपचार करावेत एवढ्या मोठ्या शिरा सापडतच नसत.

प्लेटलेटचा यात संबंध काय? वाढलेल्या दाबाने प्लीहा मोठी होते आणि प्लेटलेट तिच्यात अडकून पडतात. शिवाय प्लेटलेट तयार व्हायला लागणारे थ्रोम्बोपोएटिन हे संप्रेरक आजारी यकृतात कमी बनते. म्हणून नेहमीच्या सीबीसीतला (रक्तपेशींच्या मोजणीतला) हा स्वस्त आकडा दाबाबद्दल बरेच सांगून जातो.

ताठरपणा मोजतात तो ट्रान्झियंट इलास्टोग्राफीने, म्हणजे बोलीत फायब्रोस्कॅनने. दोन-तीन तास उपाशी असलेल्या रुग्णाला उताणे झोपवून उजवा हात डोक्यामागे घ्यायला सांगतात आणि बरगड्यांच्या फटीत प्रोब टेकवतात. टिचकी मारल्यासारखा हलका धक्का बसतो. त्यातून उठलेली लहर कडक यकृतात जास्त वेगाने धावते. त्या वेगावरून किलोपास्कलमध्ये आकडा मिळतो. किमान दहा मोजण्यांचा मध्यक ग्राह्य धरतात. मोजण्यांतली तफावत (आयक्यूआर) मध्यकाच्या ३० टक्क्यांहून जास्त असेल, तर त्या आकड्यावर विसंबू नये.

इटलीतील माजोरे सरोवराकाठच्या बाव्हेनो गावाच्या नावाने १९९० पासून पोर्टल दाबावरील तज्ज्ञांच्या बैठका भरतात. २०१५ च्या सहाव्या बैठकीने सोपा निकष दिला: ताठरपणा २० किलोपास्कलपेक्षा कमी आणि प्लेटलेट दीड लाखापेक्षा जास्त असतील, तर एंडोस्कोपी टाळावी. अशा रुग्णांत उपचार करण्याजोग्या शिरा निसटण्याची शक्यता ५ टक्क्यांहून कमी असते. दोन्ही आकडे दरवर्षी पुन्हा पाहावे लागतात. ताठरपणा वाढला किंवा प्लेटलेट घसरल्या की दुर्बीण आलीच. पुढे २५ किलोपास्कल आणि १ लाख १० हजार अशी सैल मर्यादाही सुचवली गेली. तिने जास्त एंडोस्कोप्या वाचतात, पण निसटणाऱ्या शिराही थोड्या वाढतात.

हे निकष पोटात पाणी, रक्तस्राव किंवा यकृतविकारामुळे बेशुद्धी असे काही न झालेल्या रुग्णांपुरतेच आहेत. पोटात पाणी असेल तर लहर यकृतापर्यंत पोहोचतच नाही. हिपॅटायटिसचा भडका, पित्ताचा अडथळा, हृदय कमकुवत झाल्याने यकृतात साचलेले रक्त किंवा नुकतेच झालेले जेवण, यांनी आकडा खोटा वाढतो. सर्वांत घातक फसगत याच्या उलट असते. पोर्टल शिरेत गुठळी असेल किंवा सिरोसिसविनाच दाब वाढला असेल, तर यकृत मऊ भासते आणि शिरा मात्र भल्यामोठ्या असतात. सोनोग्राफीत प्लीहा मोठी दिसत असताना फायब्रोस्कॅनचा आकडा चांगला आला, तर निर्धास्त न होता हाच संशय आधी घ्यावा.

अन्य मार्गही आहेत. प्लीहेचा ताठरपणा पोर्टल दाबाशी अधिक थेट जोडलेला असतो. तो ४० किलोपास्कल किंवा कमी असेल, तर धोक्याच्या शिरा असण्याची शक्यता कमी. सीटी स्कॅनमध्ये मोठ्या शिरा दिसतात, पण केवळ चाळणीसाठी किरणोत्सर्ग घेण्यात अर्थ नाही. एफआयबी-४ सारखी निव्वळ रक्तचाचण्यांवरची सूत्रे या कामाला अपुरी पडतात.

२०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रेडेस्की या रुग्णांवरील औषधचाचणीनंतर मूळ प्रश्नच बदलला. दाबफरक १० किंवा जास्त असलेल्या रुग्णांना प्रोप्रॅनोलॉल किंवा कार्व्हेडिलॉल या पोर्टल दाब उतरवणाऱ्या गोळ्या दिल्यावर पोटात पाणी होण्याचे प्रमाण घटले. त्यामुळे सातव्या बाव्हेनो बैठकीने (२०२१) शिरा शोधण्यापेक्षा दाब ओळखण्यावर भर दिला. ताठरपणा १५ पर्यंत आणि प्लेटलेट किमान दीड लाख असतील, तर असा दाब जवळपास नाकारता येतो. ताठरपणा २५ किंवा जास्त असेल, तर असा दाब गृहीत धरतात. लठ्ठ व्यक्तींच्या फॅटी लिव्हरमध्ये मात्र हा दुसरा नियम भरवशाचा नाही. दाब आहे असे ठरले, की एंडोस्कोपीसाठी न थांबता कार्व्हेडिलॉल सुरू करता येते. दमा किंवा कमी रक्तदाबामुळे ज्यांना ही गोळी चालत नाही आणि ज्यांचे आकडे सहाव्या बैठकीच्या निकषात बसत नाहीत, त्यांची एंडोस्कोपी करावी लागते. मोठ्या शिरा आढळल्यास त्यांना रबरी बँड बांधतात.